बारा बादल्या पाणी

ओल्सवर्थच्या गोल्फ मैदानाची नोकरी वासिल हावरिल्युकनं माझ्यामुळे सोडली, हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा.

सप्टेंबरात क्लबाची वार्षिक सभा होती. मी गावच्या नगरपालिकेत एकतीस वर्षं चिटणीस होतो. निवृत्त झालो तरी सभा म्हटलं की कागद घेऊन जायची सवय सुटलेली नाही. त्या दिवशी मी एक तक्ता नेला होता. पंपाचा आकडा आणि स्प्रिंकलरचा आकडा असे दोन्ही मी उन्हाळाभर, कुणी सांगितलं नसताना, टिपून ठेवले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पंपातून शंभर बादल्या पाणी निघतं. मैदानावर अठ्ठ्याऐंशी पोचतात. उरलेल्या बारा कुठे जातात?"

मी फक्त प्रश्न विचारला होता. नगरपालिकेत प्रश्न विचारणं म्हणजे आरोप करणं नसतं. निदान विचारणाऱ्याला तरी तसं वाटत नाही.

वासिल मागच्या रांगेत बसला होता. सव्वीस वर्षं ते मैदान त्यानं एकट्यानं सांभाळलं. तो उठला, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवून माझ्या तक्त्यावर ठेवला आणि म्हणाला, "मिस्टर लिंडग्रेन, आपणच शोधा."

चाळीस वर्षं हा माणूस मला 'अरे ऑरव्हिल' म्हणत आलाय. त्याचं 'आपण' ऐकून मला कानफटात बसल्यासारखं झालं. खोलीत चाळीसएक माणसं होती. सगळी आपापल्या बुटांकडे बघत बसली. मी त्याचा अर्थ संमती असा घेतला.

क्लबाच्या अध्यक्ष आयलीन मॅकफी. बाई एरवी फार बोलत नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग हिवाळ्याची तयारी कोण करणार?"

"त्यात काय आहे एवढं?" मी म्हणालो.

सभेच्या इतिवृत्तात हे वाक्य जसंच्या तसं आहे. मी स्वतः तपासलं.

त्यात काय आहे ते आता सांगतो. आमच्याकडे सस्कॅचवान प्रांतात जमीन माणसाच्या उंचीइतकी खोल गोठते. पाइपात पेलाभर पाणी राहिलं तरी त्याचा बर्फ होतो आणि पाइप फुटतो. म्हणून थंडीच्या आधी कॉम्प्रेसर लावून हवेनं सगळं पाणी बाहेर हाकलायचं. मग प्रत्येक खळग्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर औषध मारायचं, नाहीतर बर्फाखाली बुरशी धरते. मग हिरवळीवर आच्छादनं अंथरायची, खुंट्या ठोकायच्या, आणि कुणी बर्फावरची स्नोमोबिल गाडी वरून घालू नये म्हणून चारी बाजूंनी दोर बांधायचे. अशा नऊ हिरवळी. एखादा हिवाळा चुकला की संपलं. शेजारच्या गावचं मैदान असंच एका हिवाळ्यात मेलं. आता तिथे मोहरी पेरतात, आणि तिथली म्हातारी माणसं शुक्रवारी मासे खायला आमच्या क्लबात येतात, कारण त्यांना बसायला दुसरी जागा उरलेली नाही. ही धास्ती आमच्या गावात प्रत्येकाच्या पोटात आहे. फक्त ती माझ्या पोटात जरा उशिरा शिरली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारी डग पेनर कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "पानं गळायच्या आत आच्छादनं घाल. नंतर घातलीस तर ओलावा कोंडतो." त्याचाच भाऊ दुपारी पोस्टात भेटला. म्हणाला, "डगचं ऐकू नकोस. आधी घातलीस तर उंदीर बाळंतपणाला येतात." दातांच्या डॉक्टरकडे गेलो तर त्यानं माझ्या तोंडात दोन अवजारं घालून सांगितलं की औषधाबिषधाची गरज नाही, हिरवळीवर लाकडाची राख टाकावी. माझं तोंड उघडं असल्यामुळे मला विरोध करता आला नाही, आणि तो सगळ्यांना सांगत सुटला की ऑरव्हिलला पटलं.

मी मात्र नियमानं जायचं ठरवलं. औषध मारायला परवाना लागतो, म्हणून प्रांताच्या कचेरीत फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड होती.

"सर, परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. पुढची परीक्षा फेब्रुवारीत आहे."

"पण बर्फ नोव्हेंबरात पडतो."

"हो सर, त्याची नोंद आहे आमच्याकडे."

"मग आमच्या भागात परवाना असलेलं कुणी आहे का?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "आहेत ना. ओल्सवर्थमध्येच एक गृहस्थ आहेत. वासिल हावरिल्युक."

"आणखी कुणी?"

"आणखी एक आहेत, पण ते एप्रिलपर्यंत ॲरिझोनात असतात. सर, हावरिल्युक तुमच्या गावचेच आहेत. त्यांच्याशी बोलून बघा. फार चांगले आहेत म्हणे."

मी आभार मानून फोन ठेवला. बायको, वर्ना, समोर बसून स्वेटर विणत होती. तिच्या सुया नेहमीपेक्षा जोरात वाजत होत्या.

औषधाचं नंतर बघू, आधी पाणी काढू, असं ठरवलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी डग पेनर आपल्या ट्रकमागे कॉम्प्रेसर ओढत मैदानावर आला. गुरुवारी पारा शून्याखाली चौदावर जाणार असं रेडिओ सांगत होता, त्यामुळे थांबायला सवड नव्हती. त्याच दिवशी हर्मन श्टॉबची अंत्ययात्रा होती. हर्मन म्हणजे आमच्या धान्याच्या कोठारावरचा माणूस, भला गृहस्थ. वर्ना चर्चमध्ये गेली. मी तिला सांगितलं की मी मागाहून जेवणाला येतो, हर्मनलाही कामाचा माणूस आवडायचा.

वासिलच्या पत्र्याच्या पेटीत मैदानाचा नकाशा मिळाला. तो छप्पन्न वर्षांपूर्वीचा होता आणि त्याच्यावर तिसऱ्या ते पाचव्या खळग्यापर्यंत कॉफी सांडलेली होती. पण व्हॉल्व्ह स्पष्ट दिसत होते. एकूण सहा. ते मला पुरेसं वाटलं. एकेका व्हॉल्व्हवर हवा सोडली की त्या रांगेतले स्प्रिंकलर जमिनीतून डोकं वर काढायचे, खाकरायचे, पाणी थुंकायचे, मग नुसतं धुकं यायचं. धुकं आलं की झालं. पाच रांगा अशा तासाभरात निघाल्या. मला इतकं बरं वाटलं की मी पेनरला म्हणालो, "वासिलला या कामाला चार दिवस का लागायचे कळत नाही."

"त्याला घाई नसायची," पेनर म्हणाला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

सहावी रांग मैदानाच्या कडेला, कॅरागानाच्या झुडपांच्या कुंपणालगत. कुंपणापलीकडे गावची दफनभूमी. मी हवा सोडली. काही झालं नाही. सहाव्या खळग्याचे स्प्रिंकलर एकदा खोकले आणि गप्प बसले. हवा जात होती, पण कुठे जात होती कळेना. तेवढ्यात कुंपणापलीकडून पाळकसाहेबांचा आवाज आला. हर्मनला आणलं होतं. मी टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि पेनरला हळूच म्हणालो, "दाब वाढव."

"काटा पन्नासच्या वर नेऊ नये म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"वासिल म्हणायचा."

मी स्वतः जाऊन चावी पूर्ण फिरवली. काटा नव्वदवर गेला.

आधी जमिनीखालून आवाज आला. मोठ्या जनावराला ठसका लागावा तसा, आणि तो आमच्या पायांखालून कुंपणाकडे गेला. मग कुंपणापलीकडे, दफनभूमीच्या हिरव्यागार गवतातून, थडग्यांच्या मधून, चौदा काळी डोकी एकदम वर आली. मी ती मोजली. माणूस हादरला की उगाच काहीतरी मोजत बसतो. चौदाही डोकी फुसफुसली आणि गंजलेल्या तांबूस पाण्याचे चौदा फवारे शोकसभेवर सुटले.

हातातली टोपी छातीशी होती, ती तिथेच राहिली.

पण खरा धक्का पुढे होता. कुणी ओरडलं नाही. कुणी पळालं नाही. काळे कपडे घातलेली साठएक माणसं, त्यात नव्वदीच्या दोन म्हाताऱ्या, शांतपणे दोन पावलं उजवीकडे किंवा तीन पावलं डावीकडे सरकली आणि बरोबर फवाऱ्याच्या कक्षेबाहेर जाऊन उभी राहिली. कुणाला किती सरकायचं ते पाठ होतं. पाळकसाहेबांनी पुस्तक न मिटता थडग्याची बाजू बदलली. भिजला तो फक्त हर्मनचा टोरांटोचा जावई, कारण तो परका होता. आणि शवपेटी, कारण तिला सरकता येत नव्हतं.

मग त्या सगळ्यांनी माना वळवल्या. स्प्रिंकलरकडे नाही. कुंपणाकडे. माझ्याकडे.

मागे पेनरनं कॉम्प्रेसर बंद केला. त्या शांततेत मी त्याला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"ऑरव्हिल," तो म्हणाला, "गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे."

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, तिच्यावाचून हे कळणार नाही. एकोणीस वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मी चिटणीस म्हणून नियम केला की गावचं पाणी दफनभूमीला वापरायचं नाही. जिवंतांना आधी, असं माझं म्हणणं होतं. लोक चिडले. पुढच्या उन्हाळ्यात गंमत झाली. आजूबाजूची सगळी गावं पिवळी पडली, पण आमच्या दफनभूमीतलं गवत हिरवं राहिलं. मी गावपत्रिकेत लेख लिहिला, 'गवताचा स्वावलंबी स्वभाव'. तेव्हापासून दर वर्षी लिहीत आलो. पाहुण्यांना मुद्दाम दफनभूमीत नेऊन गवत दाखवायचो. माझे आईवडील तिथेच आहेत. रविवारी त्यांच्याजवळ उभा राहून मी मनात म्हणायचो, बघा, तुमच्या मुलाचा निर्णय किती योग्य होता.

ते सगळं गवत वासिलनं जगवलं होतं. सहाव्या रांगेतून चोरून पाइप नेऊन.

चर्चच्या तळघरात जेवण होतं. मी जावं की नाही कळेना, पण न जाणं आणखी वाईट दिसलं असतं. अंड्याची सँडविचं, लोणच्याची काकडी, मोठ्या भांड्यात कॉफी. वर्ना कॉफी ओतत होती. मी तिच्याजवळ जाऊन कुजबुजलो, "तुलाही माहीत होतं?"

"माझी आई आहे तिथे."

"माझे लेख तर तू तपासून द्यायचीस."

"शुद्धलेखन तपासायचे. बाकी तुझं तू बघत होतास."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर काय केलं असतंस? खरं सांग."

मी खरंच विचार केला. "नगरपालिकेला पत्र लिहिलं असतं."

"झालं तर मग," वर्ना म्हणाली.

हर्मनची बायको हिल्डा बशी घेऊन आली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनं माझ्या हातात सँडविच कोंबलं. "तो चर हर्मननं आणि वासिलनं खणला होता, दोन रात्रीत," ती म्हणाली. "हर्मन म्हणायचा, मेल्यावर माझा वाटा वसूल करीन. केला आज." आणि ती हसता हसता रडायला लागली. तिच्या जावयाच्या बुटांतून चालताना अजून पाणी वाजत होतं.

मी पाळकसाहेबांकडे वळलो. "त्या सभेत तुम्ही होतात. चाळीस जण होते. एकानं तरी सांगायचं की पाणी कुठे जातं."

पाळकसाहेब कॉफीत बघत राहिले. "बोललो असतो तर पाणी गेलं असतं. गप्प बसलो तर वासिल गेला. आम्ही गवत राखलं, ऑरव्हिल. तू निदान खरं समजून बोललास. आमचं काय?"

इतका वेळ मी स्वतःच्या अपमानाचं दुःख करत होतो. त्या क्षणी मला वासिल दिसला, मागच्या रांगेतून उठणारा. त्याला एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं. 'तुझ्या आईबापावर घालतो ते पाणी,' एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. मी सँडविच बशीत ठेवून दिलं.

तसाच त्याच्या घरी गेलो. वासिल स्वयंपाकघरात पिरोगींसाठी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्यांसाठी, पीठ लाटत होता. त्यानं मला बसायला सांगितलं नाही.

"वासिल, मी माफी मागायला..."

"आपण हवा किती दाबानं सोडलीत?"

"नव्वद."

त्यानं डोळे मिटले. त्याच्या बायकोच्या आजारपणात मी त्याला पाहिलं होतं, तेव्हाही तो इतका पांढरा पडला नव्हता. अर्थात हातावरचं पीठ त्यानं तोंडाला लावलं होतं, तेही असेल. "तिथला व्हॉल्व्ह मी दर सप्टेंबरच्या अखेरीस बंद करतो. यंदा कोण करणार? तिथला पाइप पातळ आहे. हर्मननं कोठारातून आणला होता. नव्वदला फुटलाच असणार." तो कोट चढवायला निघाला. एक हात बाहीत गेल्यावर थांबला आणि कोट परत काढला. "पण मी येणार नाही."

"गुरुवारी गोठणार आहे रे. औषधाचा परवानाही तुझ्याकडेच."

"आपण त्या सभेत विचारलंत ते बरोबर होतं. पाणी मी चोरलं. एकोणीस वर्षं. मला त्याची लाज वाटली नाही, पण चोरी ती चोरीच. मला आता ती करायची नाही." त्यानं लाटणं उचललं. "तो नियम आपण लिहिलात. आपणच खोडा. लेखी."

मी तिथेच, पिठानं भरलेल्या टेबलावर, त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून नगरपालिकेला पत्र लिहिलं. एकतीस वर्षांचा हात. 'सदर नियमाचा फेरविचार होणे उचित ठरेल' वगैरे. वासिलनं ते वाचलं, ओठ हलवत, दोनदा.

"उचित म्हणजे काय?"

"म्हणजे... योग्य."

"तुझं चुकलं की नाही?"

"चुकलं."

"मग तसं लिही ना, गाढवा."

मी 'चुकलं' असं लिहिलं. लिहायला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळ लागला.

बुधवारी उजाडताना वासिल मैदानावर हजर होता. औषध त्यानं मारलं, मी पाण्याच्या कॅन वाहिल्या. पाइप खरोखरच फुटला होता, माझ्या वडिलांच्या दगडापासून तीन पावलांवर, आणि तिथे यंत्र नेता येत नसल्यामुळे मला गुडघ्यांवर बसून खुरप्यानं माती काढावी लागली. तोवर गाव यायला लागलं. कुणी बोलावलं नव्हतं. आयलीन मॅकफी हातोडी घेऊन आली. पेनर आणि त्याचा भाऊ आच्छादनं खांद्यावर घेऊन आले आणि पहिल्या खळग्यापाशीच भांडायला लागले. दातांचा डॉक्टर राखेची बादली घेऊन आला होता. वासिलनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तशी त्यानं बादली गाडीत परत ठेवली. कुणीच वासिलची माफी मागितली नाही. सगळे फक्त त्याला विचारत होते की हे कुठे ठोकू, ते कुठे बांधू, आणि तो ज्याला त्याला ओरडत होता. ते ओरडणं लोक इतक्या समाधानानं ऐकत होते की पाहत राहावं.

आठव्या हिरवळीवर वारा सुटला. आच्छादनाचं एक टोक माझ्याकडे होतं. वासिल ओरडला, "सोड." मला वाटलं तो म्हणाला, "ओढ." आच्छादन शिडासारखं फुगलं आणि मी पोटावर हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुढे वाळूच्या खड्ड्यात. निम्मं गाव बघत होतं. माझ्या कोटाची तिन्ही बटणं गेली आणि तोंडात वाळू. वासिल खड्ड्याच्या काठावर येऊन उभा राहिला.

"हिरवळ खरवडली का बघ आधी," तो मागच्यांना म्हणाला. मग मला हात दिला.

गुरुवारी दुपारी शेवटची खुंटी बसली आणि संध्याकाळी चारला बर्फ सुरू झाला.

नगरपालिकेची सभा पुढच्या सोमवारी. मी आजवर तिथे शेकडो सभांना बसलोय, पण नेहमी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. अलीकडून ते टेबल फार रुंद दिसतं. मी पत्र वाचून दाखवलं. वासिल मागे बसला होता, टोपी मांडीवर. दफनभूमीला पाणी द्यावं, गोल्फ मैदानाच्या पाइपातूनच द्यावं आणि ते उघडपणे द्यावं, असा ठराव झाला. पाच मिनिटंही लागली नाहीत. एकोणीस वर्षं हे पाच मिनिटांचं काम राहिलं होतं.

नव्या चिटणीस बाईंनी इतिवृत्त वाचलं. तरुण मुलगी आहे, नीट लिहिते. शेवटचं वाक्य असं होतं, की माजी चिटणीस श्री. लिंडग्रेन यांच्या ही गोष्ट एकोणीस वर्षं लक्षात आली नाही. तिनं माझ्याकडे संकोचानं बघितलं. "सर, असं चालेल ना? की सौम्य करू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी चष्मा पुसला, कागद मागून घेतला आणि वाक्य पुन्हा वाचलं.

"एक दुरुस्ती आहे," मी म्हणालो. 'यांच्या'चं 'यांनी' केलं, 'लक्षात आली नाही' खोडलं, वर 'कुणाला विचारली नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली.